तिन्ही वखारी

परराष्ट्रमंत्र्यांनी निषेधपत्रातलं शेजारी देशाचं नाव स्वतःच्या पेनाने खोडलं. "पुरावा नसताना उगाच कशाला दुखवायचं?"

"मग पत्र पाठवायचं कुणाला?" सचिवबाईंनी विचारलं.

"सगळ्यांनाच पाठवा."

शेजाऱ्याने ज्या मित्रदेशावर चढाई केली होती, त्याच्यासाठी औषधं आणि ब्लँकेटं भरलेल्या दोन वखारी आठवड्याभरात जळाल्या होत्या. तिसरी बंदरावर शाबूत होती.

शेजाऱ्याचं उत्तर सर्वांत आधी आलं: "तुमच्या तिन्ही वखारींना लागलेल्या आगींशी आमचा काहीही संबंध नाही."

सचिवबाईंनी ते दोनदा वाचलं. "साहेब, जळाल्यात दोनच. तिसरी आत्ताच रिकामी करू या."

"टायपिंगची चूक असेल हो," मंत्री चहा ढवळत म्हणाले. "तुम्ही फार संशय घेता."

दुपारी बंदरावरून फोन आला. तिसरी वखार पेटली होती. रखवालदार कसाबसा बाहेर पडला होता.

मंत्र्यांनी शेजाऱ्याचं उत्तर पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"बघा मॅडम, त्यांची काहीच चूक नव्हती. आपल्याच पत्रात दोन लिहिलंय. तेवढं दुरुस्त करून पाठवा, आणि दिलगिरीही कळवा."