एररचा रकाना

“लायल, आजच्या दिवस तेवढं सांभाळून घ्या,” डार्सी म्हणाली आणि खारवलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पुडी त्याच्या टेबलावर ठेवली.

“लाच देतेस काय गं?” लायल ब्रँडव्होल्डने चष्म्यावरून पाहिलं.

“बियांची कसली आलीय लाच! सात सामने झाले, माझ्या टीगनच्या नावावर एकही एरर नाही. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरलीय. आज सामना संपला की तो संघ निवडणारी जोलीन तुमची नोंदींची वही बघायला येणार आहे. एररचा रकानाच बघेन, असं तिनं पोरीला सांगितलंय.”

“एरर झाली तर एररच लिहिणार, डार्सी. मी चालवायचो त्या शाळेच्या बसमध्ये तू सीटला च्युइंगगम चिकटवायचीस, तेव्हाही मी तुझं नाव लिहून दिलंच होतं की.”

डार्सी हसली, पण तिचं हसू काही टिकलं नाही. “सहा महिने ती पोर कुबड्यांवर होती, लायल. या संघाशिवाय तिच्या तोंडी दुसरा विषय नाही.” एवढं बोलून ती बाकावर जाऊन बसली.

मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात मुलींच्या सॉफ्टबॉलची वही एकतीस वर्षं लायलच्याच हातात होती. चेंडू सुटला की आयाबापांच्या माना त्याच्या टेबलाकडे वळायच्या. साधारण मुलीला साधारण धडपडीत तो अडवता आला असता, तर अडवणारीची एरर, म्हणजे चूक. नाहीतर मारणारीचा हिट, म्हणजे तिच्या फटक्याचं श्रेय. हे ठरवायचं लायलनं, आणि तेही शाईच्या पेनानं. त्यात त्यानं कधी कुणाची भीड ठेवली नव्हती.

स्वतःच्या लेकीचीही नाही. कॅरल तेरा वर्षांची असताना अंतिम सामन्यात त्यानं तिला एरर दिली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिनं ग्लोव्ह हातात धरलाच नाही. आता ती चाळिशी ओलांडलेली बाई आहे. नाताळला फोन करते, हवापाण्याचं विचारते आणि ठेवून देते. लायलला त्याचं फार वाईट वाटे, पण ते तो कुणाजवळ बोलत नसे.

सामना सुरू झाला. टीगन दुसऱ्या बेसपाशी चेंडू अडवायला उभी होती. बर्फावर पडून मोडलेला तिचा गुडघा आता पुरता भरून आला होता, डॉक्टरांनी पळायला मोकळीक दिली होती. तरी गेल्या सातही सामन्यांत चेंडू तिच्या डावी-उजवीकडून निघून जायचे, ती दोन पावलं टाकून थांबायची. हातच न लागलेल्या चेंडूला सहसा एरर देत नाहीत, म्हणून लायल मारणारीचा हिट लिहायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

सहाव्या इनिंगला एक संथ, घरंगळता चेंडू तिच्या उजवीकडे आला. टीगन धावली. एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि पोरीनं स्वतःला मातीत झोकून दिलं. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला. आणि निसटला. तोवर मारणारी पहिल्या बेसवर पोचलीही.

सरळसरळ एरर. आंधळ्यालाही दिसली असती.

लायलचं पेन रकान्यावर आलं. टीगन उठली. गुडघा मातीनं माखला होता, चेहरा लालबुंद. तिनं थेट त्याच्या टेबलाकडे पाहिलं. त्या नजरेत केवढी आशा होती! असंच एकदा कॅरलनं पाहिलं होतं त्याच्याकडे.

अरे, बारा वर्षांचं पोर ते. एका अक्षरानं असं काय आभाळ कोसळणार आहे?

त्यानं हिट लिहिला.

शेजारी बसून फलकावर धावा लावणारा ऑर्विल वहीत डोकावला. “काय रे, हा हिट?”

“हिट.”

“चष्मा बदल, म्हाताऱ्या.”

“तू तुझ्या धावा लाव.”

 उरलेला सामना लायलनं खाली मान घालूनच लिहिला.

सामना संपला, तशी जोलीन पलीकडच्या मैदानावरून घाईघाईनं आली. दिवसभर तिनं तिकडच्या मुली पाहिल्या होत्या. मागोमाग डार्सी आली आणि तिच्या दंडाला धरून टीगन. पोरीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

जोलीननं वही ओढून घेतली. तिचं बोट रकान्यातून सावकाश खाली उतरलं, पुन्हा वर गेलं.

“शून्य?” तिनं विचारलं.

लायलनं एकदा टीगनकडे पाहिलं. “शून्य,” तो म्हणाला.

डार्सीनं त्याच्या खांद्यावर हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. टीगन मात्र एकदम स्तब्ध उभी राहिली. लेकरू आनंदानं गांगरलं असेल, असं लायलला वाटलं. आयुष्यात एकदा तरी आपल्याला माणसासारखं वागता आलं, असं मनाशी म्हणत त्यानं पेनाला टोपण लावलं.

जोलीननं वही मिटली आणि त्याच्यापुढे सरकवली.

“मला स्वतःला यायला जमलं नाही, पण तुझ्या वहीवर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे, लायल,” ती म्हणाली. “जिचा चेंडूला हातच लागत नाही, तिची एरर होणार कुठून? कालच मी हिला बजावलं होतं, ‘भीती सोड आणि एका तरी चेंडूपर्यंत पोच. उद्या वहीत तुझी एक एरर दिसली, की ती जागा तुझी.’”