तपासणीची बाई

“तीच आली गे,” राघोत्तमराव म्हणाले.

ते त्या बाईच्या अगदी समोर उभे होते. पण घरच्या भाषेत बोलत होते, त्यामुळे त्यांना काळजी नव्हती. त्यांचं घराणं तंजावरचं. पिढ्यान्पिढ्या तमिळ मिसळून मऊ झालेली ती मराठी अड्यारच्या त्या रुग्णालयात दोघांनाच येत होती: व्यवस्थापक राघोत्तमरावांना आणि त्यांच्या भाचीला, डॉक्टर हरिप्रियाला. गुप्त बोलायचं असलं की मामा-भाची दार लावत नसत, भाषा बदलत.

आज गुप्त बोलण्यासारखं पुष्कळ होतं. अत्याचार झालेल्या बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार व्हावेत, आधी पोलिसांचा कागद मागू नये, म्हणून रुग्णालयाला सरकारी अनुदान मिळत होतं. त्या अनुदानातून आजवर एक पाटी लागली होती आणि तिचं उद्घाटन झालं होतं. काल विश्वस्तांचा फोन आला. आरोग्य खात्याची एक बाई रुग्ण बनून येणार आहे. काही चुकलं तर अनुदान बंद, आणि तुम्हीही घरी.

आणि आज ही बाई आली. काउंटरपाशी उभी राहून इंग्रजीत म्हणाली, “माझ्यावर काल बलात्कार झाला. मला डॉक्टर हव्यात. पैसे नाहीत, पर्स त्याच्या गाडीतच राहिली.”

“इतकं सरळ कोण बोलतं?” राघोत्तमराव भाचीला म्हणाले. “पाठ करून आलीय. नाव काय सांगते, तर रेवा. दोन अक्षरं! रिक्षात बसून ठरवलेलं दिसतं.” त्यांच्या घरात हरिप्रियापेक्षा आखूड नाव ठेवायची पद्धत नव्हती.

काउंटरवरच्या वेंकटने सवयीने विचारलं, “सर, डिपॉझिट?”

“नाही.”

“पोलीस कम्प्लेंट नंबर?”

“नाही रे!”

वेंकटला एवढेच दोन प्रश्न येत होते. तो पेनं नीट लावत बसला.

विश्वस्तांसाठी राखून ठेवलेली खोली उघडण्यात आली. स्वच्छ चादर आली, पडदा आला, दाराबाहेर एक आया उभी राहिली. रेवाने आत जाण्याआधी कडी आतून लागते का ते पाहिलं. आत कोण कोण येणार ते विचारलं. संमतीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि एका ठिकाणी ‘नको’ असं लिहून सही केली. राघोत्तमराव दुरून मान डोलावत होते. इतकी मुरलेली अधिकारी त्यांनी पाहिली नव्हती.

हरिप्रिया तिच्याबरोबर बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिने मामांकडे पाहिलं नाही. पाठोपाठ रेवा येऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसली. औषधं यायची होती.

“चहा सांग,” राघोत्तमराव भाचीला घरच्या भाषेत म्हणाले. “साखर जास्त घालायला लाव, खूश होईल.”

“नो शुगर,” रेवा आयाला म्हणाली.

“पाह्यलंस? लाच नको म्हणते. कडक आहे,” मामा हरखून म्हणाले. मग त्यांनी आवाज जराही न उतरवता विचारलं, “आत कशी होती? नाटक बरं करते का?”

“मामा, सुम्मा बसा, बोलू नका.”

“सुम्मा का बसू? इथे कुणाला कळतंय? मी सांगतो, एवढंच चुकलं तिचं. रडली नाही. खरी असती तर रडली असती.”

रेवाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नजर बघ,” राघोत्तमराव म्हणाले. “नक्की सचिवालयातली.”

तेवढ्यात फोन वाजला. राघोत्तमराव उभं राहून “येस सर, येस सर” म्हणाले, मग नुसतंच “सर?” म्हणाले. फोन ठेवला तेव्हा त्यांना घाम आला होता.

“अय्यय्यो,” ते म्हणाले. “ती बाई सकाळीच शोळिंगनल्लूरच्या शाखेत येऊन गेली. सगळं पाहून, जेवून गेली. मग ही कोण गे?”

“ही पेशंट आहे, मामा.”

“म्हणजे... खरी?”

“खरी.”

राघोत्तमराव त्या उघडलेल्या खोलीकडे, पडद्याकडे, चहाच्या कपाकडे पाहत राहिले. तिकडे वेंकट पेनं लावून मोकळा झाला होता.

“मग वेंकटला बिल काढायला सांगू का?” त्यांनी हळूच विचारलं. “अजून गेली नाही ती.”

“मामा, आपल्याला अनुदान कशासाठी मिळतं?”

“तपासणीसाठी,” राघोत्तमराव पटकन म्हणाले.

आयाने औषधांची पिशवी आणून दिली. रेवाने त्यातलं एकेक औषध बाहेर काढून पाहिलं, परत ठेवलं, आणि उठून राघोत्तमरावांसमोर येऊन उभी राहिली. मग ती मराठीत बोलली. सोलापूरकडच्या मराठीत, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं सावकाश.

“सर, डॉक्टरांनी मला दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. तेव्हाही मला तपासणीची बाईच समजा.”