ड्रायव्हरची सही

माघारीच्या फॉर्मवर शिवप्पा सरांची सही झाली होती. तिच्याखाली अजून एक रेघ मोकळी होती.

"इथं ड्रायव्हरची सही लागते," टेबलामागचा मुलगा म्हणाला.

सरांनी पेन महामायापुढं धरलं. तिनं ते घेतलं नाही. ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती आणि पुढ्यात त्यांची इंगळी, कॉलेजचा लढाऊ रोबो, उताणी पडली होती. पंधरा किलोंची, दोन चाकांची, पुढं दातेरी लोखंडी ड्रम असलेली. आता तो ड्रम हलत नव्हता. तिची जोडीदार ऋतुजा चिमट्यानं त्याच्या बेअरिंगमधून काहीतरी ओढत होती. पिवळं, वितळून दगड झालेलं.

"दोरा," ती म्हणाली. "नायलॉनचा."

दोरा कशाचा ते तिघांनाही ठाऊक होतं. सकाळी उदगीरहून नांदेडला उतरल्या उतरल्या सरांनी झेंडूचे दोन हार घेतले होते. एक आत्ता घालायला, एक जिंकल्यावर. "सर, फिरत्या ड्रमला हार नको," असं महामाया म्हणाली होती, पण हळू. "पाच मिन्टाचं काम हाय," म्हणून सरांनी तो घातलाच. काढताना हार तुटला. फुलं सगळी निघाली, दोऱ्याचा तुकडा आत राहिला. दोन लढती तो गपगुमान बसला आणि तिसरीत ड्रमनं त्याला आत ओढलं. ती लढत त्यांनी कशीबशी गुणांवर जिंकली. आता राहिली होती फायनल.

"एकच मशीन हाय आपल्याकडं," सर खालच्या आवाजात म्हणाले. हाराचा विषय त्यांनी काढला नाही, पण आवाजात तोच होता. "तुटलं तर कॉलेज दुसरं देणार न्हाई. दुसरा नंबर काय कमी हाय का? घिऊन जाऊ नीट घरी."

तेवढ्यात पुण्याच्या टीमचा कॅप्टन आला. गोरापान, नम्र. सगळ्यांचे टीशर्ट ग्रीसनं माखलेले, याचा कसा कोण जाणे इस्त्रीचा राहिला होता.

"ऐक ना, टॅप आऊट कर, माघार घे," तो म्हणाला. "आमचं ब्लेड बसलं तर तुमचं काही उरणार नाही. खरंच सांगतोय. हत्यार बंद पडलेल्या मशीनशी लढायला आम्हालाही बरं वाटत नाही."

तो खरंच मनापासून बोलत होता. महामायाला तेच जास्त झोंबलं.

"मग तुम्ही करा की टॅप आऊट," ती म्हणाली.

तो हसला आणि गेला. तिनं इंगळी सरळ केली, फिरवली, तिच्या पाठीमागं बोट लावलं. तिथं वखराची पास होती, मातीखालून सरकतं ते रुंद लोखंडी पातं. पुढचा ड्रम जड झाला तेव्हा तोल साधायला तिनंच ती जळकोटहून आणून मागं तिरकी बोल्ट केली होती. आईच्या वखराची, झिजून अर्धी झालेली. आईनं, सरजाबाईनं, ती देताना बजावलं होतं, "झिजली म्हून हसू नको तिला. नुस्ती टेकवायची. ढेकूळ आपल्या पायानं वर चढतं."

"ऋतुजा, रिमोट उलटा करून दे. मागचं ते पुढं."

"उलटं लढायचं?"

"हाव."

"महामाया, ऐक माझं," सर म्हणाले.

"सर, सकाळी मी हळू बोलले. आता जोरात बोलते. सही न्हाई करीत."

टेबलामागच्या मुलानं फॉर्मकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि इंगळीचं नाव माईकवर पुकारलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटातच इंगळीचं डावं चाक उडालं. पुण्याचं ब्लेड कडेनं आलं आणि चाक लढतीच्या पिंजऱ्याच्या प्लास्टिकच्या भिंतीवर जाऊन आदळलं. ऋतुजानं डोळे मिटले. लोक ओरडले. एका चाकावर इंगळीला ना पुढं जाता येत होतं, ना मागं. जागच्या जागी गरगर फिरणं, एवढंच उरलं होतं.

महामायानं फिरणंही थांबवलं.

"मेली का?" ऋतुजानं डोळे न उघडता विचारलं.

"गप. टेकवली हाय."

पुण्याचं मशीन मागं सरलं आणि शेवटचा घाव घालायला भिंतीपासून सरळ सुटलं. महामाया पाहत राहिली. दहा हात. पाच हात. दोन. मग तिनं अंगठा एवढासा हलवला. इंगळी एका चाकावर वळली आणि पास समोर आली.

ठिणग्यांचा लोट उठला. ब्लेड त्या उतारावरून निसटलं आणि पुण्याचं मशीन आपल्याच वेगानं पातं चढून गेलं, पलटलं, पाठीवर पडलं. ब्लेड फरशीला दोनदा खडखडलं आणि थांबलं.

पंच मोजू लागले. इस्त्रीच्या टीशर्टातला मुलगा रिमोटवर अंगठे दाबत होता. त्याच्या मशीनची चाकं हवेत फिरत होती. महामायानं इंगळी एका चाकावर गोल गोल फिरवत ठेवली, जिवंत आहे हे दिसावं म्हणून. सात. आठ. नऊ.

दहा झाल्यावरही तिनं अंगठा लगेच उचलला नाही.

पिंजरा उघडला. पास काठाला निळी पडली होती, पण वाकली नव्हती. सर पिशवीतला दुसरा हार हातात घेऊन उभे होते. रोबोपर्यंत आले आणि थबकले. मग त्यांनी महामायाकडं पाहिलं.

"घालू का?" त्यांनी विचारलं.

"फुलं घाला, सर," ती म्हणाली. "दोरा नको."