सून हसत नाही

दिराने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि सून ताडकन उठली.

गाडी म्हणजे खुर्ची. दीर वरच्या मजल्यावरच्या जोडप्याची नक्कल करत होता. आधी तो बाई झाला. "या, या, अजून या, भरपूर जागा आहे." मग नवरा होऊन, मान वळवून त्याने खुर्ची मागे सरकवली. धाडकन भिंतीवर. मग पुन्हा बाई. "आता बस म्हणणारच होते!" सुनेचा नवरा खोखो हसत होता. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुनेने ओठ दातांखाली धरले, बाळ नवऱ्याच्या मांडीवर टाकलं आणि गुडघे जुळवून ती बाथरूमकडे पळाली.

"गेली," दीर म्हणाला. "वहिनीला माझ्या कलेची कदरच नाही."

"तुझं सोड, माझं काय?" सासरे म्हणाले. "तुझी आई माझ्या विनोदाला आजवर कधी हसली नाही. म्हटलं, सून तरी हसेल. आता माझा एकच श्रोता उरला, तोही दुपट्यात."

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "पोरकटपणा पुरे झाला," एवढं बोलून, अर्धे कपडे तसेच टाकून त्या आत गेल्या.

बाथरूममध्ये सून कपाळाला हात लावून उभी होती. पुन्हा झालंच होतं, थोडंसं. हसलं की व्हायचं, शिंकलं की व्हायचं, बाळाला पाळण्यातून उचललं की व्हायचं. चांगली पदवीधर बाई, पण असलं काही कुणाला आणि कोणत्या तोंडाने विचारायचं, हे तिला कुठल्याच वर्षाला शिकवलं नव्हतं. म्हणून तिने फोनला विचारलं. एकीकडे लिहिलं होतं, आता हे जन्माचं दुखणं. दुसरीकडे लिहिलं होतं, गार फरशीमुळे होतं. तेव्हापासून ती भर उन्हाळ्यात मोजे घालून फिरत होती. तिसरीकडे एक बाई हसत हसत कमरेचा पट्टा विकत होत्या. त्या इतक्या निर्धास्त हसत होत्या, की सुनेने रागाने फोन उशीखाली कोंबला. शेवटी तिने आपलाच उपाय काढला. पाणी कमी प्यायचं आणि हसायचं नाही. मग पाणी कमी पडल्याने बाळाचं दूध तर कमी होणार नाही ना, हा नवा घोर लागला.

नवऱ्याला वेगळाच घोर. "आमच्यात तुला करमत नाही का गं?" त्याने इतक्या पडेल आवाजात विचारलं, की तिलाच त्याची कीव आली. "तुझ्या आईशी बोललोय मी. थोडे महिने माहेरी राहा. फक्त आधी डॉक्टरांना दाखवू."

थोडे महिने! तिला कुठेही जायचं नव्हतं. या घरात कुणी कुणावर ओरडत नव्हतं, बाळाला घ्यायला चौघं हात पुढे करत होते. घराचा दोष म्हणाल तर एकच होता. माणसं फार विनोदी होती.

नवऱ्याने सासू-सुनेला बाळासकट दवाखान्याच्या दारात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. सासूबाई बाळाची पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसल्या. थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत.

"रडू येतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"झोप?"

"हा देईल तेवढी," सुनेने बाळाकडे बोट दाखवलं.

"घरात कुणाचा त्रास?"

सासूबाई ताठ झाल्या.

"भाऊजींचा," सून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय करतात?"

"नकला."

नवऱ्याने आधीच फोनवर सांगितलेली तक्रार डॉक्टरबाईंनी कागदावर पुन्हा वाचली. "मग तुम्ही हसत का नाही?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठायचं नाव घेत नव्हत्या. आज बोलले नाही तर उद्या बॅग भरायची, हे तिला दिसत होतं. तिने टेबलावरच्या पेपरवेटला सांगून टाकलं, "हसले की कपडे बदलावे लागतात."

"लघवी होते?" डॉक्टरबाईंनी, चहा घेणार का विचारावं, तशा आवाजात विचारलं.

सासूबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

"अहो, पुष्कळजणींना होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात. लघवी अडवताना आवळतो ना, तसे आवळायचे, जरा धरायचे, सोडायचे. श्वास नाही रोखायचा. रोज नेमाने, काही महिने. आधी मी तपासते, मग आमच्या व्यायामाच्या बाई नीट शिकवतील. पाणी मात्र तोडू नका. आणि हे मोजे कसले? काढा आधी."

"म्हणजे हे जन्माचं नाही?"

"छे!"

सुनेचा श्वास मोकळा झाला, पण लगेच मनात धस्स झालं. आता हे घरभर होणार. सासूबाई घसा खाकरत होत्या.

"डॉक्टर, एक विचारू? हा व्यायाम नव्या बाळंतिणींनीच करायचा? म्हणजे, एखादीचं बाळ आत्ता खाली गाडी लावत असेल, तर?"

डॉक्टरबाईंनी हसू कसंबसं आवरलं. "तरी उपयोग होतो. त्यांनाही तपासून घ्यायला हवं. या म्हणावं."

"आलीये ती."

सून तोंड उघडं टाकून सासूबाईंकडे बघत राहिली.

"अशी बघू नकोस," सासूबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "तुझे सासरे विनोदी आहेत, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. हसायची सोय नव्हती."