मुदत संपल्यावर

"कॉम्प्युटरमधल्या विंडोजची फुकटची ट्रायल संपली की आतलं सगळं पुसलं जातं ना हो, दादा?" बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तसं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला हसू आलं. जीव टांगणीला लागलेली अशी माणसं त्याच्याकडे रोजच यायची. बाई ज्याबद्दल विचारत होत्या, तो कॉम्प्युटर त्यांचा नव्हता. त्यांची लेक ज्या कपड्यांच्या दुकानात कामाला होती, तिथल्या मालकाचा होता. लेक शेजारीच ओढणीचं टोक पिळत, खाली मान घालून उभी होती.

"अहो ताई, उगाच घाबरताय. ट्रायल संपली की स्क्रीन काळी पडते, मशीन मधूनमधून आपोआप बंद होतं, बस्स. फायलींच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसऱ्या मशीनला डिस्क जोडली की फोटो, व्हिडिओ, सगळं जसंच्या तसं!"

"व्हिडिओसुद्धा?" बाई मटकन स्टुलावर बसल्या.

दुरुस्तीवाला पाणी आणायला वळला, तेव्हा लेकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.



"आई, मालक म्हणाला माझा व्हिडिओ आपोआप पुसला जाईल, तू म्हणालीस बोभाटा नको, म्हणून मी गप्प बसले. आता तरी पोलिसांत येतेस का माझ्याबरोबर?"