गावातली सूट

“जा, आईला भेटून ये,” म्हणत सगळ्यांनी सायकली हळू केल्या. सायकल शर्यत कुणाच्या गावातून गेली, की त्याला असं पुढे सोडायची आमच्यात रीतच आहे; त्यानं घरच्यांना भेटायचं आणि पुन्हा घोळक्यात यायचं, त्या आघाडीवर जिंकायचं नाही. आज वेल्समधलं माझं गाव वाटेत होतं.

बारा वर्षं मी शर्यतीत आमच्या संघाच्या कप्तानाला पाण्याच्या बाटल्या पुरवत आलो. स्वतः एकदाही जिंकलो नव्हतो.

चौकात आई हात पसरून उभी होती. कानातल्या रेडिओवर संघाचा मॅनेजर ओरडला, “थांबू नकोस, पळ!”

पळालो. आणि जिंकलो.

बक्षीस घेऊन उतरलो, तर शर्यतीतलाच एक जुना मित्र माझ्या सायकलीवर थुंकला. बरोबरच केलं त्यानं. मला माझीच किळस येत होती.

बाबांचा फोन आला. “तुझी आई अजून चौकातच उभी आहे. तिला वाटतंय, शर्यत फिरून परत इथूनच जाणार. म्हणते, पुढच्या फेरीला थांबेल तो.”