तिसऱ्या ड्यूटीनंतरचा चहा

माणसं अपुरी, म्हणून सलग तीन ड्यूट्या ओढून बंबवाला दुपारी घरी आला. चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि खुर्चीत जरा टेकला, तोच डोळा लागला. सायरन कानावर पडताच ताडकन उठला. झोपेत काम करायची त्याला आता सवयच झाली होती. बूट चढवले, दार ओढून घेतलं, धडाधड जिने उतरला आणि फाटकाशी उभ्या बंबात चढून बसला.

“चला, चला! पत्ता काय?”

ड्रायव्हरने वर बोट दाखवलं. बंबवाल्याच्याच स्वयंपाकघरातून धूर येत होता.

“शेजारच्या काकूंनी फोन केला. किल्ली दे.”

किल्ली आतच राहिली होती.

“दार फोडायला कोणाला आणलंय?” त्याने ओशाळून विचारलं.

“माणूस कुठला! साहेब म्हणाले, वाटेत तुलाच उचलून घ्या.”